पायाला शिकवावं लागतं

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

मी मुंबईत २८ वर्षं बस चालवली. ड्रायव्हर म्हटलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. एवढ्या गर्दीत डोकं तापत नाही का? आणि कुठली गाडी चालवायला सगळ्यात चांगली? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'तापतं' एवढंच आहे. दुसऱ्याचं मात्र जरा सविस्तर देतो.

मुंबईत पहिली बस धावली १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. १९३७ साली डबलडेकर आली. त्यानंतर गाड्या पुष्कळ बदलल्या, पण ड्रायव्हरची बैठक बरीच वर्षं तीच राहिली. डावा पाय क्लचवर, उजवा पाय ब्रेक आणि अॅक्सिलरेटरवर, डावा हात गिअरवर.

मी कामाला लागलो तेव्हा डिझेलच्या गाड्या होत्या. इंजिन पुढे, आमच्या डाव्या हाताला. मे महिन्यात मांडी भाजून निघायची. पण त्या इंजिनाचा एक उपकार होता. ते बोलायचं. पुलाच्या चढावर कण्हायला लागलं की गिअर खाली घ्यायचा, ओरडायला लागलं की वर टाकायचा. मीटरकडे बघायची गरज पडत नसे. हिंदमाताला पाणी भरलं की पहिल्या गिअरमध्ये, अॅक्सिलरेटर न सोडता गाडी बाहेर काढायची, तीसुद्धा कानाच्या अंदाजानं.

डबलडेकरची गोष्ट वेगळी. ड्रायव्हरची केबिन स्वतंत्र, मागे काय चाललंय ते दिसत नाही. दोन कंडक्टर, आणि सगळा भरवसा त्यांच्या घंटीवर. एक टोला म्हणजे थांब, दोन टोले म्हणजे चल. वरचा मजला भरलेला असला की वळणावर गाडी कलते, ते आपल्याला पाठीत कळतं. कुठल्या रस्त्यावर कुठल्या झाडाची फांदी खाली आलीय, हे पाठ असावं लागे. ती जुनी डबलडेकर १५ सप्टेंबर २०२३ रोजी अंधेरीच्या ४१५ नंबरच्या मार्गावर शेवटची धावली. लोकांनी हार घातले, फोटो काढले.

मग सीएनजीच्या गाड्या आल्या, खालच्या फरशीच्या गाड्या आल्या. काहींचं इंजिन मागे गेलं. पायाची भाजणी थांबली, पण कान रिकामे झाले. आवाज गाडीच्या दुसऱ्या टोकाला! गिअर बदलायचा तर काट्याकडे बघायचं, किंवा सीटखालच्या थरथरीवरून ओळखायचं. शिवाय डिझेलसारखी उचल नाही, त्यामुळे पुढच्या गाडीला मागे टाकायचं का, याचा हिशोब नव्यानं मांडावा लागला. पण गुडघे दुखणाऱ्या आजीबाई कुणाचा हात न धरता चढताना पाहिल्या आणि वाटलं, ही गाडी आपल्यासाठी नाही, त्यांच्यासाठी बनवलीय. स्पीडब्रेकर आला की मात्र जीव मुठीत. गाडीचं पोट घासू नये म्हणून आडवं-तिडवं करून काढायची.

नोव्हेंबर २०१७ मध्ये मुंबईत विजेच्या बसगाड्या आल्या, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विजेवरची वातानुकूलित डबलडेकर. या गाड्यांना ना क्लच, ना गिअर. एक बटण दाबायचं आणि निघायचं. लोकांना वाटतं, किती सोपं! चालवायला सोपं आहेच. सवय मोडायला अवघड आहे.

ते कसं, सांगतो. एक म्हणजे, डाव्या पायाला काम राहत नाही. पण त्याला ते ठाऊक नसतं. वर्षानुवर्षं थांबायच्या वेळी क्लच दाबलेला पाय, तो आपोआप पुढे येतो. तिथे त्याला ब्रेक सापडला तर उभी असलेली माणसं एकमेकांवर कोसळतात. दुसरं म्हणजे, विजेची गाडी इंजिनासारखी हळूहळू जोर घेत नाही. पाय टेकवला की ताकद लगेच. आणि पाय उचलला की ब्रेक न लावताही गाडी मंदावते, त्यातून बॅटरी थोडी भरते. म्हणजे पाय उचलायचासुद्धा हळूच.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. जुन्या गाडीत गोंधळ उडाला तर क्लच दाबला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटायचा. ती शेवटची पळवाट होती. नव्या गाडीत ती नाही. घाबरलेला पाय चुकीच्या पट्टीवर पडला तर गाडी पुढेच जाणार.

९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ल्यात विजेवरची बस गर्दीत घुसली आणि माणसं मेली. दोष कुणाचा, ते न्यायालय ठरवील. त्यावर मी बोलणार नाही. पण क्लचच्या गाडीवरून ऑटोमॅटिकवर येणाऱ्या ड्रायव्हरला किती दिवस शिकवलं जातं, हा प्रश्न त्यानंतर सगळीकडे विचारला गेला. आम्ही ड्रायव्हर लोक आपसात तो आधीपासूनच बोलत होतो. नवी गाडी एका रात्रीत डेपोत येते. माणसाचा पाय एका रात्रीत बदलत नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आधी मैदानात रिकामी गाडी, मग वाळूची पोती भरून, मग रात्री, मग पावसात, आणि त्यानंतरच प्रवासी. अचानक ब्रेक लावायचा सराव पुन्हा पुन्हा, डोकं विचार करायच्या आत पाय बरोबर जागी पडेपर्यंत. आणि एकाच माणसाला आज ही गाडी, उद्या ती, असं पहिले काही महिने तरी देऊ नये.

तर, कुठली गाडी चांगली? अंगवळणी पडलेली. नव्या गाड्या खरोखर चांगल्या आहेत. धूर नाही, हादरे कमी, संध्याकाळी घरी गेल्यावर कानात घरघर नाही. पण गाडी शांत झाली, याचा एक अर्थ रस्त्यावर चालणाऱ्यांसाठीही आहे. मागून बस येत असेल तर आवाज येईलच, असं धरून चालू नका. रस्ता ओलांडताना मान वळवा आणि बघा.