बेसिनमधून पुढे

आज पदवी घेऊन बाहेर पडणारे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ मित्रमैत्रिणींनो,

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, पर्यावरण अभियंता आहे. रुग्णालयाच्या तळघरात किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात, जनरेटरच्या मागे सांडपाण्याचा जो प्लँट असतो, तिथे माझी सारी नोकरी झाली. त्या पाण्याबद्दलच बोलायला आलोय, कारण त्याचं पुढे काय होणार हे माझ्यापेक्षा तुमच्या हातात जास्त आहे.

आपल्याकडे घरगुती वापरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. शंभराहून अधिक खाटांच्या रुग्णालयासाठी खाटेमागे ४५० लिटर धरतात. म्हणजे दोनशे खाटांना रोज ९० हजार लिटर. यातलं बहुतेक पाणी ओटी, लाँड्री, लॅब, डायलिसिस आणि संडास-बाथरूममधून खाली येतं, आणि येताना औषधं घेऊन येतं. सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी घेतली की तिचा ४० ते ५० टक्के भाग लघवीतून तसाच बाहेर पडतो. सीटी स्कॅनला दिलेलं आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट तर जवळजवळ सगळं, चोवीस तासांच्या आत, जसंच्या तसं. शरीराने त्याला हात लावू नये अशीच त्याची रचना असते. याच गुणामुळे आमच्या टाकीतले जिवाणूही ते फोडू शकत नाहीत.

हो, जिवाणू. अनेकांना वाटतं, प्लँट म्हणजे पंप, पाइप आणि शेवटी क्लोरीन. खरं काम करतो तो एरेशन टाकीतला गाळ, आणि तो जिवंत असतो. एकदा वेळ काढून बघायला या. ऑपरेटर टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या मोजपात्रात घेतो आणि अर्धा तास स्थिर ठेवतो. गाळाची तब्येत चांगली असेल तर रंग चॉकलेटी, वास ओल्या मातीचा. गाळ सावकाश खाली बसतो आणि वर नितळ पाणी राहतं. गाळाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर देठावर डोलणाऱ्या घंटेसारखे व्हॉर्टिसेला नावाचे सूक्ष्मजीव दिसतात. ते दिसले की ऑपरेटर निश्चिंत होतो.

एका रुग्णालयात सोमवारी सकाळी हेच पात्र पाहिलं तेव्हा वरचं पाणी गढूळ होतं, टाकीवर पांढरा फेस होता आणि सूक्ष्मदर्शकाखाली काहीच हलत नव्हतं. रविवारी आयसीयूची मोठी सफाई झाली होती. उरलेलं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं हायपो, कॅनच्या कॅन मोरीत ओतलं होतं, एंडोस्कोपी विभागाने मुदत संपलेलं ग्लुटाराल्डिहाइडही त्याच दिवशी सिंकमध्ये रिकामं केलं होतं. कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. जंतू मारायचे, एवढीच भावना. पण जंतुनाशकाला वॉर्डातला जंतू आणि टाकीतला जंतू यांतला फरक कळत नाही. मग दुसऱ्या प्लँटवरून जुना गाळ आणायचा, शेण कालवून टाकायचं आणि टाकी सावरेपर्यंत आठवडेच्या आठवडे वाट पाहायची. तोवर त्या इमारतीतलं सगळं पाणी जवळपास जसंच्या तसं बाहेर जात होतं.

म्हणून माझं सांगणं असं की सांडपाण्यावरचा निम्मा उपचार वॉर्डात आणि लॅबमध्येच व्हायला हवा. जे बेसिनमध्ये गेलं, ते ९० हजार लिटरमधून वेगळं काढणं आम्हाला शक्य नसतं. लॅबचा संसर्गजन्य द्रव १ ते २ टक्के हायपोने जागच्या जागी निर्जंतुक करा; 'सुरक्षित राहावं' म्हणून त्यावर आणखी ओतू नका. फॉर्मॅलिन आणि ग्लुटाराल्डिहाइड वेगळं साठवा. व्हायलमध्ये उरलेलं अँटिबायोटिक पिवळ्या पिशवीत जातं, सिंकमध्ये नाही. आणि हे नियम सफाईच्या मामा-मावशींना कधीच समजावून न सांगता चूक झाली की त्यांच्याच नावाने खडे फोडायचे, हे मला मुळीच पटत नाही.

किरणोत्सारी औषधांच्या बाबतीत मात्र आपल्या रुग्णालयांनी हे जागच्या जागी अडवणं उत्तम करून दाखवलं आहे. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे. थायरॉइडच्या कर्करोगात आयोडीन-१३१ मोठ्या मात्रेत देतात, तेव्हा रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात आणि त्या खोलीच्या संडासाचं पाणी थेट गटारात न सोडता 'डिले टँक'मध्ये अडवतात. या आयोडीनचं अर्धायुष्य ८ दिवसांचं. ८० दिवस थांबलं की किरणोत्सार साधारण हजारावा हिस्सा उरतो. एक टाकी भरत असते, दुसरी नुसती थांबलेली असते. देशभर जिथे जिथे हा उपचार होतो, तिथे ही शिस्त पाळावीच लागते. एका खोलीच्या संडासासाठी आपण एवढं करतो. मग उरलेल्या इमारतीसाठी इतके बेफिकीर का?

अँटिबायोटिकच्या बाबतीत तर नुसतं थांबून भागतही नाही. २०११ मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये दिल्लीतल्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कार्बापेनेमसारखी अखेरच्या फळीतली औषधं निकामी करणारं एनडीएम-१ जनुक साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये सापडलं, आणि नळाच्या ५० पैकी २ मध्ये. सगळा दोष रुग्णालयांचा असं मी म्हणणार नाही. औषध कारखाने आहेत, उघडी गटारं आहेत. पण प्रतिजैविकं आणि त्यांना पुरून उरलेले जंतू एकाच नळीतून वाहतात, अशी जागा रुग्णालयाइतकी दुसरी क्वचितच. डेन्मार्कच्या हर्लेव्ह रुग्णालयाने २०१४ मध्ये स्वतःचा प्लँट उभारला, त्यात पटल, ओझोन, सक्रिय कार्बन सगळं आहे. आपल्या तालुक्याच्या नर्सिंग होमला ते परवडणार नाही, हे मान्य. पण औषध विनाकारण न लिहिणं हाही सांडपाण्यावरचाच उपचार आहे, आणि त्याला खर्च शून्य.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत सोडलेल्या पाण्याची मानकं आहेत: सेंद्रिय प्रदूषण मोजणारे बीओडी ३० आणि सीओडी २५० मिलिग्रॅम प्रति लिटर, वगैरे. त्यातली एक ओळ मला फार मोलाची वाटते. पाणी पातळ न करता त्यात मासे सोडायचे, आणि ९६ तासांनी त्यातले ९० टक्के जिवंत असायला हवेत. दहाहून कमी खाटांच्या दवाखान्यांनाही ही मानकं पाळण्यासाठी ३१ डिसेंबर २०१९ ही मुदत दिली होती. ती केव्हाच उलटली. आणि आपण सोडलेलं पाणी पुढे कुणीतरी पितंच: पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं, भीमेतून उजनीत, आणि सोलापूर उजनीचं पाणी पितं.

तेव्हा नव्या जागी रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात विचारा, की आपल्या विभागाच्या सिंकची नळी कुठे जाते. ऑपरेटरचा नंबर घ्या आणि मोठ्या सफाईच्या आदल्या दिवशी त्याला कळवा. आणि तुमच्यापैकी जे स्वतःचं क्लिनिक किंवा लॅब काढतील, त्यांनी लॅबच्या सिंकची लाइन वेगळी टाकायला प्लंबरला फरश्या बसायच्या आधी सांगावं. बसवलेल्या फरश्या फोडून ती लाइन नंतर टाकलेली मी फारच कमी ठिकाणी पाहिली आहे.