दहा गुंठे आणि कोयता



दसरा तोंडावर आला की भूम, परंडा, वाशी, कळंबकडे मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. म्हणूनच आज आम्ही आयर्लंडची गोष्ट काढली आहे. तिचा आपल्याशी काय संबंध, असे वाटेल. ऐका तर खरे.

१८४५ साली तिथे बटाट्यावर करपा पडला. कृषी महाविद्यालयात आम्ही त्या बुरशीचे लांबलचक नाव पाठ केले, मार्कही मिळवले. पण बुरशीने बटाटा मेला. माणसे कशाने मेली, ते धड्यात नव्हते. तिथले कूळ तुमच्यासारखाच हिशेब करी. आपण ज्वारी घरात खायला आणि कापूस देण्याघेण्याला पेरतो. त्याचा बटाटा खायला आणि ओट, गहू जमीनदाराच्या खंडाला. गेले ते खायचे पीक. खंडाचे धान्य हाती होते, पण ते खाल्ले तर घरादारावरून हुसकावणार! धान्य, लोणी, जनावरे जहाजातून इंग्लंडला जातच राहिली. काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे मेली आणि १० लाखांहून जास्त देश सोडून गेली.

त्यात १८४७ चा कायदा. पाव एकरापेक्षा, म्हणजे आपल्या दहा गुंठ्यांपेक्षा, जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही. पोराच्या तोंडात घास घालायचा तर जमीन सोडा. लोकांनी सोडली. करप्यापेक्षा या कलमाने जास्त गावे उठवली असतील, असे आमचे मत आहे.

आपल्याकडे १९७२ ला दुष्काळ काही कमी नव्हता. खडी फोडली, सुकडी खाल्ली, रेशनची लाल मिलो गिळली. पण दुष्काळी कामावर यायला सातबारा कोणी मागून घेतला नाही. दहा एकरवालाही पाटी घेऊन रांगेत होता. म्हणून पाऊस पडल्यावर परत यायला रान शिल्लक राहिले.

आयर्लंडचा माणूस निघायचा त्या रात्री घरात मयतासारखी रडारड व्हायची; तो परत येणार नाही हे ठाऊक असे. १८४७ च्या जहाजांत तापाने हजारो दगावले. जगले त्यांनी अमेरिकेत रेल्वेचे रूळ टाकले, गोदीत ओझी वाहिली, पोरींनी धुणीभांडी केली. पण कमाई हातात पडे. त्यातून मागच्या बहिणीचे, भावाचे तिकीट निघे.

आपला कोयता दरवर्षी परत येतो, पण पैसा आधी येतो आणि घाम नंतर. उचल घेतली की मजुरीचा भाव बोलायला तोंड उरत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. मोळ्या डोक्यावर वाहणाऱ्या बाईच्या नावाने वेगळा हिशेब कुठल्या वहीत असतो?

तर पुढच्या बैठकीला येताना गेल्या हंगामाची उचल किती, फिटली किती, अंगावर किती राहिली ते लिहून आणा. मायबहिणींनी आपले टन वेगळे लिहावेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोराला सोबत आणावे.