एकूण वजन नव्हे, ॲक्सलचं वजन

अमेरिकेत महामार्गावरच्या वजननाक्याच्या अलीकडेच ट्रकची तपासणी उरकलेली असते. काचेवरची डबी नाहीतर ड्रायव्हरचा फोन गाडीची ओळख देतो, कंपनीची सुरक्षिततेची नोंद पाहिली जाते आणि बऱ्याच ठिकाणी रस्त्यात बसवलेली पट्टी धावत्या गाडीचं वजन घेते. सगळं ठीक असलं तर केबिनमध्ये हिरवा दिवा, नाहीतर लाल, म्हणजे नाक्यात वळा. 'प्रीपास' ही अशी सेवा तिथे १९९०च्या दशकापासून चालू आहे.

हे ऐकून आपले वाहतूकदार म्हणतात, वेळ वाचला, डिझेल वाचलं. वाचतंच. पण माझा जीव अडकलाय त्या पट्टीत. ती प्रत्येक ॲक्सल वेगळा मोजते. तिथे गाडीची एकूण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन. पण एका ॲक्सलवर २०,००० पौंडच.

आपल्याकडे भरती झाली, काट्याची पावती खिशात टाकली की गाडी निघाली. पावतीवर आकडा एकच. दोन ॲक्सलच्या ट्रकला २०१८पासून साडेअठरा टन चालतात. अहो, पण त्यातले पुढे ७ आणि मागे, चार टायरांवर, साडेअकरा! मागे १३ टन गेले तर पावती बिनचूक, आणि मागचा ॲक्सल दीड टनाने जास्त.

बैलगाडी भरलेल्यांना हे सांगायला नको. पोती तेवढीच, पण मागे रचली की गाडी उलाळ होते, जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढे रचली की धुरजड, सगळं ओझं मानेवर. जाणता गडी जू हाताने उचलून बघतो आणि चार पोती सरकवतो. ट्रकच्या बाबतीत मान असते ती रस्त्याची.

इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम ट्रक फिरवून रस्त्यांची चाचणी घेतली गेली. त्यातून निघालेला हिशेब असा: ॲक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याची झीज सुमारे सोळापट. सोळापट! म्हणून पुन्हा सांगतो, एकूण वजन नव्हे, ॲक्सलचं वजन.

दंडाचं तुम्ही जाणताच. २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,०००. त्यापेक्षा मुकादमाला सांगा, जड माल फाळक्याशी रचू नकोस. काट्यावर आधी पुढची चाकं घ्या, मग मागची. पाच मिनिटं लागतील.