रात्री नौका कुठे बांधावी?

शिडाची नौका घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने निघालेल्या माणसाला बंदर जवळ आले की एकच काळजी असते, रात्री नौका बांधायची कुठे?

मुंबईत गेटवेसमोर अशा नौका बोयाला बांधलेल्या दिसतात. तळाशी जड वजन, त्याला साखळी, आणि वर तरंगता बोया. वारा किंवा पाण्याचा प्रवाह फिरला की नौकाही त्याच्याकडे तोंड फिरवते. आत हवा खेळते. पण किनाऱ्यावर जायला छोटी होडी लागते, आणि खवळलेल्या पाण्यात भाजीची पिशवी सांभाळत तिच्यात उतरणे ही कसरतच!

कोचीला बोलगट्टीजवळ २०१० पासून मरिना आहे. तिथे नौका धक्क्याला लागते. वीज, गोडे पाणी हाताशी. आजारी माणूसही चालत उतरतो. अशा जागेचे भाडे बहुधा बोयापेक्षा जास्त. शिवाय नौका जखडलेली. वारा आडवा आला तर तिला वळता येत नाही, ती धक्क्यावर घासते.

माझे नाना गलबतावर नाखवा होते. दुसऱ्याच्या साखळीवर ते निवांत झोपत नसत. ते बरोबर होते. साखळी तळाशी घासून झिजते आणि वरून काहीच दिसत नाही. म्हणून ती शेवटची कधी तपासली, किती वजनाच्या नौकेसाठी आहे, हे आधी विचारावे. उत्तर गुळमुळीत आले तर पैसे मोजून धक्का गाठावा. उत्तर चोख असेल, तर मी बोयाच घेईन.

पावसाळ्यात मात्र ही निवड उरत नाही. गेटवेसमोरच्या बहुतेक नौका तेव्हा पाण्याबाहेर काढलेल्या असतात.