न खेळलेला अंतिम सामना

(एका क्रीडा मंडळाच्या पारितोषिक वितरण समारंभातील भाषणाचा संपादित अंश)



आज येथे अनेकांच्या हाती चषक आले. अशा प्रसंगी मी आपल्यापुढे हाती न आलेल्या एका चषकाची कथा मांडणार आहे.

डेव्हिस चषक ही टेनिसमधील राष्ट्राराष्ट्रांची स्पर्धा. १९६६, १९७४ आणि १९८७ अशी तीन वेळा भारताने तिची अंतिम फेरी गाठली; विजेतेपद मात्र आजवर लाभलेले नाही. १९६६ साली कलकत्त्यात ब्राझीलविरुद्ध निर्णायक सामन्यात रामनाथन कृष्णन चौथ्या सेटमध्ये २-५ असे मागे होते. आणखी एक गेम गेला असता, तर सारे संपले असते. तेथून त्यांनी सामना खेचून आणला. मेलबर्नच्या अंतिम लढतीत मात्र ऑस्ट्रेलियाने आपल्याला ४-१ असे नमविले. १९८७ साली स्वीडननेही ५-० असा पराभव केला. हे दोन्ही पराभव मैदानावरचे. त्यांत खंत असली तरी लाज नाही.

१९७४ची गोष्ट निराळी आहे. त्या वर्षी कृष्णन संघाचे न खेळणारे कर्णधार होते. मे महिन्यात कलकत्त्यात गतविजेत्या ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. विजय आणि आनंद या अमृतराज बंधूंचा दुहेरीचा एकच सामना ९९ गेम चालला आणि तो त्यांनी जिंकला. संपूर्ण लढतीत ३२७ गेम झाले. डेव्हिस चषकाच्या इतिहासातील हा उच्चांक होय. भारत ३-२ असा विजयी झाला. पुढे आपल्या पुण्यातच सोव्हिएत संघाला ३-१ असे हरवून भारताने अंतिम फेरीत प्रवेश केला.

समोर होता दक्षिण आफ्रिकेचा संघ. ज्या देशात माणसाची पात्रता कातडीच्या रंगावरून ठरे, त्या देशाचा! वर्णद्वेषाचा हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे भारतानेच १९४६ साली नेला होता. तेव्हा त्या संघाशी खेळायचे नाही, असा निर्णय झाला. चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला मिळाला.

मित्रहो, निर्णय राष्ट्राचा होता. त्याचे मोल मात्र मोजके खेळाडू देत होते. विजय तेव्हा अवघा वीस वर्षांचा होता. खेळाडूच्या आयुष्यात अशी संधी पुन्हा येईलच, असे नाही. तो पुढे तेरा वर्षांनी, १९८७ साली, अंतिम फेरी खेळला. पण तोवर त्याच्या उमेदीचा काळ सरला होता. त्याग हा शब्द आपण व्यासपीठावरून सहज उच्चारतो. तो ज्याला करावा लागतो, त्यालाच त्याचे वजन ठाऊक असते.

पुढे काळ बदलला. १९९० साली नेल्सन मंडेला भारतरत्न ठरले, १९९४ साली त्या देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. विजेत्यांच्या यादीत १९७४पुढे आपले नाव नाही, हे खरे. परंतु त्या रिकाम्या जागेकडे पाहताना आपली मान खाली जात नाही.

म्हणून पालकांना एवढीच विनंती. मूल मैदानावरून घरी आले, की “जिंकलास का?” हे जरूर विचारा, पण त्याआधी “कसा खेळलास?” हे विचारा. जिंकण्याची जिद्द आणि प्रसंगी विजय सोडण्याचे बळ, ही दोन्ही ज्याच्या ठायी असतात, तोच खरा खेळाडू.