हॉलमधला तो कोपरा



घर सजवण्याच्या हौशीविषयी चार शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. मी काही इंटिरिअर डेकोरेटर नव्हे. बँकेतून निवृत्त झालेला, जुन्या वस्तूंची आवड असलेला एक सामान्य पुणेकर आहे. त्यामुळे अख्ख्या घराविषयी न बोलता आमच्या हॉलमधल्या एका कोपऱ्याविषयीच बोलणार आहे. ‘होम बार’ म्हणतात ना, तो. बार म्हटल्यावर काहींच्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ द्या. शेवटपर्यंत ऐकलंत तर त्या आपोआप खाली येतील.

माझ्या लहानपणी आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीत एक शोकेस होती. तुमच्याकडेही असेल. तिच्यात कधीच न वापरलेला टी-सेट, पांढरा ताजमहाल, शाळेतला एक कप आणि मान हलवणारी बाहुली. वडिलांची बाटली मात्र त्या शोकेसमध्ये नव्हती. ती लोखंडी कपाटात, लोकरीच्या कपड्यांच्या मागे असायची. महिन्यातून एक-दोनदा, आम्ही झोपल्यावर, कपाटाचं दार करकरायचं. आईला माहीत होतं, आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे वडिलांनाही माहीत होतं. पण त्याविषयी कुणी बोलत नसे.

यात वडिलांचा एकट्याचा दोष नव्हता. मुंबई प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला. पुढे बंदी सैल झाली, पण कायदा राहिला. महाराष्ट्रात आजही दारू विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो. या परवान्यातली गंमत अशी, की तो मिळतो ‘आरोग्य राखण्यासाठी’! म्हणजे कागदोपत्री आपल्याकडे मौजेखातर कुणी पीतच नाही, सगळे औषध घेतात. मग औषधासारखीच ती कपाटात गेली, तर नवल काय?

२००४ साली आम्ही मोठ्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तेव्हा मी ठरवलं, आपण लपवाछपवी करायची नाही. जे असेल ते उघड्यावर असेल. सुतारमामांना बोलावलं. हॉलच्या कोपऱ्यात साडेतीन फूट उंचीचा काउंटर, त्यापुढे दोन उंच स्टुलं, मागे आरसा, आरशापुढे काचेच्या फळ्या आणि वर उलटे टांगलेले दांडीचे ग्लास. आत पिवळा दिवा. पहिल्या दिवशी तो लावला तेव्हा मी स्वतःच कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

खरी मजा आली ती वस्तू जमवताना. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथं मला गोटी सोड्याची बाटली मिळाली, जाड हिरवट काचेची. तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, या बाटलीला बूच नसतं. गळ्यात काचेची गोटी असते आणि सोड्यातला वायूच तिला आतून वर दाबून रबराच्या कड्याशी घट्ट बसवतो. गोटी आत ढकलली की ‘फट्‌’ असा आवाज होऊन सोडा उघडतो. तिच्या शेजारी ठेवला तांबट आळीतून आणलेला तांब्याचा जग. कसब्यातल्या त्या आळीत गेलात तर दुकान डोळ्यांना दिसण्याआधी ठोक्यांचा आवाज कानावर येतो. भांड्यावर एकाशेजारी एक ठोके देत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. हे ठोके नुसते नक्षीसाठी नसतात. ठोकून ठोकून तांब्याचा मऊ पत्रा कडक होतो, आणि ठोक्याठोक्यावर उजेड वेगळा पडतो.

असा तो कोपरा सजला. येणारा प्रत्येक पाहुणा आधी तिकडेच बघायचा. माझी छाती फुगायची.

आता एका माणसाविषयी सांगायचं आहे. तो माझा मेहुणा, हिचा धाकटा भाऊ. त्याचं नाव सांगत नाही. मी हे सांगणार आहे, ते त्याच्या परवानगीनं.

आमच्या त्या बारवर सर्वांत जास्त खूश कोण झालं असेल, तर तो. दर शनिवारी यायचा. मला बरं वाटायचं. आपण एका पेगवर थांबतो, तो थांबत नाही, हे माझ्या लक्षात यायला फार वेळ लागला. खरं सांगायचं तर लक्षात आलं होतं, पण मी यजमान होतो. ‘अरे, आणखी थोडी घे’ हे वाक्य यजमानाच्या तोंडात इतकं बसलेलं असतं, की समोरचा बुडतोय हे दिसत असूनही ते बाहेर पडतं. काही वर्षांनी त्याची नोकरी सुटली, तब्येत ढासळली, आणि अखेर त्याला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल व्हावं लागलं. तो बरा होऊन बाहेर आला. आम्ही पेढे वाटले.

त्या वर्षी भाऊबीजेला तो आला. आल्या आल्या हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात गेला. तिथंच पाटावर बसला, ओवाळून घेतलं, करंजी अर्धी खाल्ली आणि ‘काम आहे’ म्हणून अर्ध्या तासात निघून गेला. पुढच्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला, ‘ताई, या वेळी तूच ये ना इकडे.’ त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. हिला वाटलं, आमचं काही चुकलं, मानपानात कमी पडलं. शेवटी हिनं खोदून विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘ताई, तुझ्या हॉलमध्ये बसलं की तोंड कुठं करून बसायचं तेच कळत नाही गं. समोर बघितलं तर बाटल्या, पाठ फिरवली तर भावोजींना वाईट वाटणार.’

हिनं मला हे रात्री सांगितलं. मी उठून हॉलमध्ये गेलो आणि तो बसायचा त्या खुर्चीत बसलो. श्रोतेहो, सहा वर्षं मी तो कोपरा काउंटरच्या आतून पाहिला होता, पाहुण्याच्या खुर्चीतून कधी पाहिलाच नव्हता. फळीवर बाटल्या आठ होत्या. आरशामुळे त्या सोळा दिसत होत्या.

दुसऱ्याच आठवड्यात सुतारमामांना परत बोलावलं. आरसा काढला, स्टुलं काढली. काउंटर एक फुटानं खाली आणला, म्हणजे साध्या खुर्चीत बसूनही हात पोचेल. तेव्हा आठवलं, माझ्या आईला त्या उंच स्टुलावर एकदाही बसता आलं नव्हतं! वर कडाप्पा घालणार होतो, पण मामांनीच अडवलं. कडाप्पा चुनखडीचा दगड, लिंबाचा थेंब पडला की डाग धरतो. म्हणून ग्रॅनाइट घातला. गोटीची बाटली आणि तांब्याचा जग होते तिथंच राहिले.

फळ्यांवर आता बरण्या आहेत. कोकमाचं आगळ, घरी केलेलं आवळ्याचं सरबत, उन्हाळ्यात पन्हं, भाजलेल्या जिऱ्याची पूड, सैंधव, आल्याचा रस. एका ग्लासला दोन चमचे आगळ, चवीपुरती साखर आणि चिमूटभर जिरेपूड. आगळ मुळात खारट असतं, तेव्हा मीठ चाखल्याशिवाय घालू नका. आणखी एक. आंबट सरबत बिनकल्हईच्या तांब्या-पितळेच्या भांड्यात कधी ठेवू नका, ते कळकतं आणि बाधतं. आमच्या जगात फक्त पाणी असतं, सरबतं काचेत. दांडीचे ग्लास मी टाकले नाहीत. कोकमाचा रंग त्यांच्यात जितका खुलतो तितका वाइनचाही खुलत नसेल.

तुम्ही विचाराल, मग तुमची बाटली गेली कुठं? हा प्रश्न मलाही पडला होता. मी अजूनही कधीमधी एखादा पेग घेतो, परवानाही आहे. ती पुन्हा कपड्यांच्या मागे गेली, तर माझ्यात आणि वडिलांच्यात फरक काय राहिला? ती काउंटरखालच्या बंद कप्प्यात आहे. किल्ली स्वयंपाकघरातल्या खिळ्याला असते, सगळ्यांना माहीत असते. लपवणं वेगळं आणि आवरून ठेवणं वेगळं, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. वडिलांनी लपवली, मी मांडून ठेवली. पण समोर कोण बसणार आहे, हा विचार दोघांनीही केला नाही.

तुम्हाला असा कोपरा करायचा असेल तर अवश्य करा. दारूचा करा, सरबताचा करा, चहाचा करा. नळापासून फार लांब करू नका, नाहीतर ग्लास विसळायला घरभर हिंडावं लागतं. ट्यूबलाइटऐवजी पिवळा दिवा लावा. एकदम सेट विकत आणू नका. एकेक वस्तू हिंडून, घासाघीस करून आणा, म्हणजे प्रत्येकीला गोष्ट असते. एक फळी तरी रिकामी ठेवा. वापरात नसलेली वस्तू वर्षभरानं खाली उतरवा, नाहीतर तिची शोकेस होते. आणि पाहुण्याला ‘काय घेणार?’ असं विचारा. ‘घेणार ना?’ असं विचारू नका. नाही म्हणायला त्याला जागा राहिली पाहिजे.

त्या वर्षी आम्ही भाऊबीजेला त्याला बोलावलं तेव्हा बदल केल्याचं सांगितलं नव्हतं. तो आला, हॉलच्या दारात थबकला. काही बोलला नाही. चप्पल काढून आत आला आणि त्या खुर्चीत न बसता थेट काउंटरच्या आत जाऊन उभा राहिला. आगळाची बरणी उघडून वास घेतला. मग पोरांनी ‘मामा, मला! मामा, मला!’ म्हणून गलका केला आणि त्यानं एकामागून एक नऊ ग्लास भरले. शेवटचा माझ्यापुढे ठेवत म्हणाला, ‘भावोजी, मीठ थोडं कमी वाटतंय का बघा.’

मीठ कमी नव्हतं, जरा जास्तच होतं. मी ग्लास संपवला आणि आणखी एक मागितला.