पाठांतराकडून आकलनाकडे



पाठ केलेली व्याख्या परीक्षागृहापर्यंत साथ देते. समजलेली गोष्ट त्यानंतरही उपयोगी पडते. मध्य प्रदेशातील होशंगाबाद (आताचे नर्मदापुरम) जिल्ह्यात याच विश्वासाने १९७२ मध्ये १६ शाळांत एक विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. 'किशोर भारती' व 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या संस्थांचा त्यात पुढाकार होता. सहावी ते आठवीचे विद्यार्थी गटागटाने प्रयोग करीत, शिवारात निरीक्षणे नोंदवीत आणि निष्कर्ष स्वतः काढीत. परीक्षेत पुस्तक उघडण्याची मुभा होती. कारण प्रश्न पाठांतराचे नसत, विचाराचे असत.

२००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. विचार मात्र टिकला. ज्ञानाची सांगड शाळेबाहेरील जीवनाशी घालणे आणि घोकंपट्टीपासून दूर जाणे, ही तत्त्वे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने स्वीकारली. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही आकलनावर भर आहे.

स्पर्धा परीक्षार्थींनाही हेच लागू पडते. ग्रामसभेचे अधिकार वाचणाऱ्याने एकदा तरी ग्रामसभेत जाऊन बसावे. उद्या अधिकारपदावर असताना समोर येणारा नागरिक व्याख्या विचारणार नाही. तो आपली अडचण मांडेल. त्या वेळी कामी येईल, तेच खरे शिक्षण.